गुरुवार, अकरा वाजून वीस मिनिटं

१

सातवीतल्या एका मुलीच्या नावापुढे आडवी रेघ होती. जेमतेम बोटाच्या पेराएवढी. त्या रेघेपायी ती मुलगी सहा दिवस दवाखान्यात काढून आली होती, आणि आता त्याच रेघेपायी तिच्या वर्गाच्या बाईंची नोकरी जायची वेळ आली होती.

झालं होतं ते असं. शुक्रवारी शाळेची सहल धरणाकाठच्या बागेत गेली. दुपारी या मुलीचा पाय मुरगळला. पीटीच्या सरांनी खिशातली यादी काढली. 'चालत नाही ते औषध' या रकान्यात तिच्या नावापुढे रेघ बघितली आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली दुखण्यावरची गोळी तिला दिली. वीस मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अर्ध्या तासात श्वास अडकायला लागला. वाचली, कारण एका बसच्या ड्रायव्हरने बाकीच्या मुलांना बागेतच सोडून रिकामी बस दवाखान्यापर्यंत हाणली. पण आवाज अजून घोगरा होता, आणि आईचा हात धरल्याशिवाय ती झोपत नव्हती.

आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. ती म्हणत होती, मुलीला ती गोळी चालत नाही हे मी वर्गाच्या बाईंना सांगितलं होतं. वर्गाच्या बाई म्हणत होत्या, हो, सांगितलं होतं, आणि मी ते त्याच दिवशी विकीवर टाकलं होतं.

विकी म्हणजे शाळेची सामायिक वही, फक्त संगणकावरची. शाळेतल्या कोणीही आपल्या नावाने आत यायचं, पान उघडायचं, लिहायचं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर सुधारायचं. आणि कोणी, कधी, काय बदललं ते सगळं 'इतिहास' नावाच्या बटणामागे कायमचं राहायचं. तीन वर्षांपूर्वी ती सुरू केली ग्रंथपाल बाईंनी, ज्यांना सगळी शाळा ताई म्हणायची. ताईंना संगणक कोणी शिकवला नव्हता. पुस्तकं कमी आणि वेळ जास्त अशा ग्रंथालयात बसून त्या चुकत चुकत शिकल्या होत्या. सुरुवातीला शिपाईमामांनी विचारलं होतं, हा विकी कुठल्या वर्गातला, फार नाव ऐकतोय. आता मामासुद्धा पाण्याच्या टाकीचं पान स्वतः लिहायचे.

सहलीनंतरच्या बुधवारी शिक्षकांच्या सभेत संगणकाच्या सरांनी भिंतीवर सहलीचं पान उघडलं आणि इतिहासाचं बटण दाबलं. सोमवार, सहलीच्या चार दिवस आधी: वर्गाच्या बाईंनी लिहिलेली ओळ, अगदी त्या म्हणत होत्या तशी. 'दुखण्यावरच्या गोळ्या चालत नाहीत, श्वास कोंडतो.' खोलीत सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला.

मग सरांनी पुढचं उघडलं. गुरुवार, सहलीच्या आदल्या दिवशी, अकरा वाजून वीस मिनिटं. ओळ गेली होती. तिच्या जागी रेघ. आणि बदल करणाऱ्याचं नाव होतं त्याच वर्गाच्या बाईंचं.

२

शिक्षकांच्या खोलीत या वर्गाच्या बाईंना धाकटी म्हणायचे. चार वर्षांपूर्वी ती सगळ्यांत लहान म्हणून आली आणि तिच्यामागून कोणाची नेमणूकच झाली नाही, त्यामुळे ती धाकटीच राहिली. नोकरी कंत्राटावरची. दर वर्षी जूनमध्ये नवीन कागद, दर वर्षी जुनीच आशा. या महिन्यात मात्र कायम नेमणुकीची ऑर्डर निघणार होती. हेडसरांच्या टेबलावर टाइप होऊन पडली होती, फक्त सही बाकी. पाच दिवसांनी संस्थेची समिती बसणार होती. समितीने दोष तिच्यावर ठेवला, की ऑर्डर फाटणार आणि कंत्राटही.

सभा संपल्यावर ती ग्रंथालयात आली. रडली नाही. खुर्चीच्या कडेवर अशी बसली, जणू आता कोणीतरी येऊन उठवणारच आहे.

"ताई, मी ती ओळ पुसली नाही. मला वेड लागलंय का पुसायला? त्या पोरीला मी रोज बघते."

ताईंनी विचारलं, पासवर्ड कोणाला माहीत होता? कोणालाच नाही. संगणक उघडा ठेवून गेली होतीस? नाही, उठताना मी नेहमी विकीतून बाहेर पडते, तुम्हीच शिकवलंय. मग गुरुवारी अकरा वाजता कुठे होतीस? तिसरा तास मोकळा होता, शिक्षकांच्या खोलीत होते. काय करत होतीस?

"काही नाही. नेहमीचंच. मोठ्या बाईंचं थोडं काम होतं."

ताईंनी मान डोलावली. मोठ्या बाई म्हणजे पर्यवेक्षिका. बत्तीस वर्षं नोकरी, करडी नजर, कडक इस्त्री. त्यांचं थोडं काम शाळेतल्या प्रत्येक लहानथोराने कधी ना कधी केलं होतं. कोणी त्यांची पत्रं टाइप करायचं, कोणी गुणपत्रकं जुळवायचं. मोकळा तास मोकळा असतो हे शाळेतल्या नवख्या माणसाला वर्षभर तरी वाटायचं, मग वाटेनासं व्हायचं. त्यामुळे हे उत्तर ताईंच्या एका कानातून शिरलं आणि तिथेच कुठेतरी अडकून बसलं, पुढे सरकलं नाही.

त्यांनी तिला सांगितलं, घरी जा, जेव, आणि कोणाला काही लिहून देऊ नकोस. ती दारापर्यंत गेली आणि थांबली. तिला काहीतरी आठवलं होतं; सांगावं की नाही अशा आवाजात तिने सांगितलं, की गुरुवारी त्या वेळी पीटीचे सर खोलीत होते. ते सांगतील मी काय करत होते ते.

ताई खूश झाल्या. पण पीटीच्या सरांनी समितीला आधीच लिहून दिलं होतं, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

३

पीटीचे सर साहित्याच्या खोलीत फुटबॉल मोजत बसले होते. पूर्वी मुलं त्यांच्या आवाजाने हलायची. आता त्यांच्या शेजारी उभं राहिलं तरच ऐकू येत होतं.

हो, म्हणाले, मी लिहून दिलंय. अकरा ते साडेअकरा ती खिडकीशेजारच्या संगणकावर बसली होती. मी चहा घेत होतो. दुसरं कोणी त्या संगणकाला शिवलं नाही. शिवलं असतं तर मी तसंच लिहिलं असतं ताई, मला काय तिच्याशी वैर आहे?

"मी यादी बघितली होती," ते मध्येच म्हणाले. ताईंनी ते विचारलंही नव्हतं. "गोळी देण्याआधी बघितली. दोनदा. रेघ होती."

ताई म्हणाल्या, माहीत आहे, बघितलीत.

यादीचा छापील कागद त्यांनी कधी काढला? गुरुवारी दोन वाजता, मधल्या सुट्टीनंतर. कागद अजून त्यांच्याकडेच होता. वहीत ठेवून ठेवून मऊ पडलेला. ताईंनी तो मागून घेतला. सर त्यांना सोडायला दारापर्यंत आले आणि मनातली तिडीक बाहेर काढत बोलत राहिले. यादी कसली ती, नुसता गोंधळ. आठवीतली एक मुलगी यादीत होती ती आलीच नाही. पंधरा मिनिटं बस थांबवली तिच्यासाठी. घरी फोन केला तर तिचे वडील उलट माझ्यावरच चढले, म्हणे बुधवारीच नाव काढायला सांगितलंय. आणि सकाळची वेळ. अर्धी मुलं सहाला हजर, अर्धी साडेसहाला. सहाला आलेली मुलं फाटकापाशी थंडीत कुडकुडत उभी.

"तुमच्या विकीवर एकेकाने एकेक लिहायचं, ताई, आणि भोगायचं आम्ही."

ताईंना हे लागलं. विकीला कोणी बोललं की त्यांना आपल्या लेकीला बोलल्यासारखं लागायचं. पण त्यांच्या चालीचा वेग कमी झाला तो त्यामुळे नाही. बुधवारी काढलेलं नाव शुक्रवारी यादीत कसं?

४

आठवीच्या वर्गशिक्षकांनी विकी उघडून दाखवली. बुधवारी दुपारी त्यांनी त्या मुलीचं नाव काढलं होतं, इतिहासात तसं होतंही. मग परत कोणी घातलं? त्यांनी खांदे उडवले. त्यांना वाटलं होतं आपणच जतन करायला विसरलो. वयाचा परिणाम.

संगणकाच्या सरांकडे जाताना ताईंच्या मनात निराळंच होतं. पासवर्ड बदलून देण्याची सोय फक्त दोघांकडे होती, ताईंकडे आणि त्यांच्याकडे. शिवाय सभेत भिंतीवर तो बदल दाखवताना ते जरा जास्तच उत्साहात होते. मागच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या पानावरून त्यांची आणि धाकटीची जुंपली होती, आणि तिने भर खोलीत त्यांची आकडेमोड सुधारली होती. असली सुधारणा माणूस विसरत नाही.

सर विसरले नव्हतेच. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, ती स्वतःला फार शहाणी समजते. पुरावा? हाच घ्या. मंगळवारी बसवाल्याचा फोन आला, घाटात काम चालू आहे, अर्धा तास लवकर निघा. मी पानावर साडेसहाचे सहा केले. आणि गुरुवारी तिने परत साडेसहा करून ठेवले. मला न विचारता.

"तुम्ही तिला विचारलंत?"

"मी कशाला विचारू? मी पुन्हा हात लावला नाही. म्हटलं, होऊ दे फजिती."

ते बोलून गेले आणि त्यांच्या तोंडावरून दिसलं की फजिती कोणाची झाली ते त्यांना आत्ता, पहिल्यांदा, मोजता आलं. अर्धा तास उशिरा निघालेल्या बस घाटात अडकल्या होत्या. बागेत सगळे अर्धा दिवस घाईतच होते.

ताईंनी तो विषय सोडून दिला. त्यांनी विचारलं, सभेत तुम्ही ती एकच ओळ मोठी करून दाखवलीत. बाकीचं पान का नाही दाखवलं? सर म्हणाले, दाखवण्यासारखं काही नव्हतं. तक्त्यातला क्रम बदलला की जुन्या-नव्याची तुलना वरपासून खालपर्यंत लाल दिसते. म्हणून मुलीचं नाव शोधलं आणि तेवढंच दाखवलं.

क्रम कशाला बदलला होता?

काय माहीत. बहुतेक बसमधल्या बैठकीप्रमाणे लावला असेल.

ताई उठल्या. चहा तसाच राहिला. एका मोकळ्या तासात एखादी बाई आपल्याच वर्गातल्या मुलीची ओळ पुसते, दुसऱ्याच्या वर्गातली गळलेली मुलगी परत आणते, सहाचे साडेसहा करते आणि दोन बसभर मुलांची बैठक लावते. कशासाठी? आणि अकरा वीसच्या एकाच बदलात कशी?

५

ग्रंथालयाचं दार लावून ताईंनी दोन पानं शेजारी शेजारी उघडली. डाव्या हाताला गुरुवार अकरा वीसचं. उजव्या हाताला त्यांनी एकेक जुनी आवृत्ती आणून बघितली. बुधवारची जुळेना. मंगळवारची जुळेना. सोमवारची जुळेना. मग त्याच्या आधीच्या शनिवारची आणली आणि बोट लावून एकेक नाव मिळवायला सुरुवात केली.

आठवीतली मुलगी शनिवारी होती, गुरुवारी होती. वेळ शनिवारी साडेसहा, गुरुवारी साडेसहा. सातवीतल्या मुलीपुढे शनिवारी रेघ, कारण आईने अजून सांगितलंच नव्हतं. गुरुवारी रेघ. एकशे सहा नावं. क्रम सोडला तर तक्त्यातल्या एकाही घरात फरक नाही.

कोणी काही पुसलं नव्हतं. पान मागे गेलं होतं. शनिवारी कोणीतरी सबंध पान उतरवून घेतलं, विकीच्या बाहेर, आपल्या सवडीने त्यावर बैठक लावली, आणि गुरुवारी ते जसंच्या तसं परत आणून ओतलं. मधल्या पाच दिवसांत बाकीच्यांनी जे जे लिहिलं ते त्याखाली गाडलं गेलं. विकी असं वापरायची नसते. एवढी एक गोष्ट ताईंनी प्रत्येक प्रशिक्षणात घसा कोरडा होईपर्यंत सांगितली होती: पान घरी न्यायचं नाही, जागेवर बसून तेवढंच बदलायचं.

हे प्रशिक्षण कोणी चुकवलं होतं?

ताईंनी सदस्यांची यादी काढली. मोठ्या बाईंचं नाव यादीत होतं. तीन वर्षांत त्यांनी विकीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. शून्य बदल. एकदाही आत आल्या नव्हत्या. पासवर्डाचं पाकीट ताईंनी स्वतः त्यांच्या हातात दिलं होतं, आणि बाईंनी ते बक्षीस घेतल्यासारखं पर्समध्ये टाकलं होतं. तरी सहलीच्या पानाच्या तळाशी 'प्रमुख' म्हणून त्यांचंच नाव होतं. विकीच्या उत्तम वापराबद्दल मागच्या वर्षी शाळेला मिळालेलं प्रशस्तिपत्रही त्यांनीच मंचावर जाऊन घेतलं होतं. आणि बसमध्ये कोण कोणाशेजारी बसणार हे गेली वीस वर्षं दुसऱ्या कोणी ठरवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

आता कानात अडकलेलं ते उत्तर पुढे सरकलं. मोठ्या बाईंचं थोडं काम होतं.

ताईंनी धाकटीला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. गुरुवारी तिसऱ्या तासाला मोठ्या बाईंनी तुला काय दिलं होतं?

"पेनड्राइव्ह. त्यात बैठकीचं पान होतं, आधी कोणाकडून तरी उतरवून घेतलेलं. म्हणाल्या, जरा टाकून दे गं. मी जुनं काढलं, त्यांचं चिकटवलं, जतन केलं. त्याचा काय संबंध?"

ताईंनी पडदा तिच्याकडे वळवला. तिने शनिवार वाचला, मग गुरुवार वाचला. सातवीतल्या मुलीच्या नावापाशी तिचं बोट थांबलं.

"म्हणजे मीच पुसली," ती म्हणाली. "ताई, मी वाचलंसुद्धा नाही. मोठ्या बाईंचं होतं म्हणून वाचलं नाही."

६

हेडसरांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. ताईंनी दोन्ही पानं छापून नेली होती. टेबलावर ठेवून त्यांनी शनिवारपासून शुक्रवारपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. आठवीची मुलगी, साडेसहाची वेळ, बैठक, पेनड्राइव्ह. आवाज न चढवता, पुस्तकांची यादी वाचावी तसं. मोठ्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि तेवढ्यावरून ताईंना कळलं की यात त्यांना नवीन असं काही नाही.

"मी तिला बैठक टाकायला सांगितली," ताईंचं झाल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. "ओळ पुसायला नाही सांगितली."

ताईंनी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

मोठ्या बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी. फाटकापाशी मुलं दोन वेळांना आली तेव्हाच. मला वाटलं, वेळच चुकली आहे, वेळेने काय होतंय. संध्याकाळी दवाखान्यात पोरीची आई म्हणाली, मी सांगितलं होतं, तेव्हा बाकीचं कळलं.

"आणि गप्प बसलात. धाकटी सभेत उभी होती तुमच्यासमोर."

"तीन महिने राहिलेत मला," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यात माफी नव्हती, आणि खोटंही काही नव्हतं. "बत्तीस वर्षं झाली, ताई. एक ठपका नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला सांगू नका. तुम्ही नव्हतात."

ताईंना खूप बोलायचं होतं. त्या बाईंनी कधीकाळी धाकटीच्याच वयात अशीच कोणाची तरी कामं मोकळ्या तासांना केली असणार, तेव्हा त्यांनाही कोणी वाचून बघ म्हणालं नसणार, हेही त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. दया येण्याची ही वेळ नव्हती.

हेडसरांनी मोठ्या बाईंना बाहेर बसायला सांगितलं. दोन्ही कागद उलटे ठेवले. तुमचं डोकं मानलं पाहिजे, म्हणाले. मग म्हणाले, पण हे समितीपुढे नेलंत तर काय होईल ते नीट ऐका. समिती विचारणार, हात कोणाचा? हात धाकटीचा. न वाचता चिकटवलं कोणी? हिने. मोठ्या बाईंना समज देतील, निवृत्ती होईल, हार घालतील. कंत्राटावरच्या बाईला हार घालायची पद्धत नाही.

हे ताईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. शोधून काढलं की सुटलं, असं त्या गेले चार दिवस धरून चालल्या होत्या.

हेडसरांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता. त्यात लिहिलं होतं, की शाळेच्या विकीमध्ये तांत्रिक बिघाड होऊन सहलीच्या पानाची जुनी आवृत्ती आपोआप परत आली. यात कोणाही कर्मचाऱ्याचा दोष नाही. खबरदारी म्हणून विकी या महिनाअखेर बंद करण्यात येत आहे. खाली सहीची जागा. विकीची देखभाल ज्यांच्याकडे, त्यांची.

"यात बिघाड नव्हता, सर," ताई म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे. म्हणून तर सापडलं."

"तेच म्हणतोय मी. सगळं जागच्या जागी आहे म्हणून बंद करायची."

मग त्यांनी दुसऱ्या खणातून धाकटीची ऑर्डर काढली आणि त्या कागदाशेजारी ठेवली. टोपण काढलेलं पेन ताईंच्या बाजूला होतं.

७

ताई सही न करता उठल्या. वऱ्हांड्याच्या टोकाला धाकटी उभी होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. खरं लिहिलं तर काय, हे लिहिलं तर काय. आणि म्हणाल्या, तू म्हणशील तसं. मनात मात्र त्या वाट बघत होत्या, की ही पोरगी म्हणेल, नको ताई, खरंच लिहा. मग त्यांना लढायला जोर आला असता. त्यांनी समितीपुढे काय बोलायचं त्याची सुरुवातसुद्धा मनात जुळवून ठेवली होती.

धाकटीने विचार करायला वेळ घेतला नाही.

"सही करा."

"त्या बाई सुटतात यात. तुला कळतंय ना?"

"कळतंय. ताई, खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मला आता खरं नकोय. मला ऑर्डर हवीय. चार वर्षं मी सगळ्यांची कामं कशासाठी केली?"

तिने ताईंचा हात धरला नाही, डोळे पुसले नाहीत. घंटा झाली, तशी ती आठवीवर तासाला निघून गेली. ताईंना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर खडूचा डाग होता, तो झटकायला हात पुढे झाला तोवर ती जिन्यापर्यंत पोचली होती.

सही करायला किती वेळ लागतो. ताईंचं अक्षर चांगलं होतं, आणि त्या दिवशीही ते चांगलंच आलं. समितीने पंधरा मिनिटांत विषय संपवला. धाकटीच्या ऑर्डरवर सही झाली. शिक्षकांच्या खोलीत पेढे नव्हते की टाळ्या नव्हत्या, पण पीटीच्या सरांनी तिला चहा आणून दिला, संगणकाच्या सरांनी खुर्ची सरकवली, आणि सगळे यंत्रांवर बोलले. यंत्रांचा काही भरवसा नाही असं दोघातिघांनी म्हणून घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, जुनं ते बरं होतं, सूचना काढायची, सही घ्यायची. धाकटी ताईंच्या बाजूला न बघता चहा प्यायली. त्यानंतर ती ग्रंथालयात येईनाशी झाली, आणि ताईंनी त्याचं कारण कोणाला विचारलं नाही.

समितीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीची आई आली. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. केसांत दोऱ्याचा पांढरा तुकडा अडकला होता. हेडसरांनी तिला निकाल वाचून दाखवला होता, त्यातलं काही नीट समजलं नव्हतं, आणि शिपाईमामांनी तिला ताईंकडे पाठवलं होतं. विकीचं सगळं त्यांनाच कळतं म्हणून.

ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मुलगी कशी आहे विचारलं. बरी आहे, आई म्हणाली, काल एकटी झोपली थोडा वेळ. मग तिने पेला खाली ठेवला.

"बाई, ते म्हणतात यंत्राने पुसलं. कोणी माणसाने नाही पुसलं. खरंय का हे?"

ताईंनी तिच्याकडे बघितलं. धाकटी वरच्या मजल्यावर सातवीला शिकवत होती, तिचा आवाज खिडकीतून इथवर येत होता. प्रश्न विचारत होती, मुलं एका सुरात उत्तर देत होती.

"हो," ताई म्हणाल्या. "यंत्रानेच."

आईने मान हलवली. तिने तळहात मांडीवर उघडले. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं घट्ट झाली होती.

"दवाखान्यात सहा दिवस बसले ना, तेव्हा मी ठरवलं होतं. कळू दे कोणी केलं ते. त्याच्या तोंडावर जाऊन विचारीन, लेकरू आहे का तुला? रोज हेच म्हणायचे मनात. आता यंत्राला काय विचारू? कोणावर राग काढू मी?"

"माझ्यावर काढा," ताई म्हणाल्या.

आई जरा हसली, आणि उठताना तिने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्यावर कशाला, बाई? सगळ्या शाळेत तुम्हीच एकट्या माझ्याशी सरळ बोललात."